बँकेवरचा कर आणि आप्पांचा ‘मंजूर’

आमच्या आप्पांचा आवाज म्हणजे विषय हार्ड. मार्केट यार्डात गुळाच्या सौद्यात ते बोली पुकारतात. गुळाच्या राशीपुढं उभं राहून त्यांनी भाव पुकारला की पलीकडच्या कांद्याच्या गाळ्यातली माणसं वळून बघतात. घरातही तोच आवाज. जेवताना ‘क्रांती, मीठ आण’ म्हणाले आणि शेजारच्या घरातून मिठाची वाटी आली, असं एकदा नाही, दोनदा झालंय. शाळेत असताना मला या आवाजाची लाज वाटायची. पालकसभेला ते येणार म्हटलं की मी पोट दुखतंय म्हणून घरी झोपायची. आता हे लिहिताना मला माझाच राग येतो.

तर हे आकाराम वरुटे, वय अठ्ठावन्न, शिक्षण सातवी, राहणार कोल्हापूर. एवढ्या आवाजाच्या माणसाला आमच्या बँकेनं चोवीस वर्षं एकच शब्द बोलू दिला, त्याची ही हकिगत. बँकेचं नाव लिहीत नाही. कोल्हापुरात सहकारी बँका काय कमी नाहीत, वाचणाऱ्याला आपापली आठवली तर आठवू दे.

आमच्याकडच्या बँकेची वार्षिक सभा ज्यांनी बघितली नाही त्यांना सांगते. सप्टेंबरातला रविवार, मोठं मंगल कार्यालय, हजारभर खुर्च्या. स्टेजवर संचालक मंडळ फेटे बांधून बसलेलं. दारात प्रत्येक सभासदाला कूपन मिळतं, कूपनावर स्टीलचा डबा, आणि मागं जेवणाचा वास सुटलेला असतो. मॅनेजर विषय क्रमांक एक वाचायला घेतात. त्यांचं वाक्य संपायच्या आत पुढच्या रांगेतून एक आवाज जातो, ‘मंजूऽऽर’. त्याच्यामागं सगळा हॉल, ‘मंजूर, मंजूर’. की लगेच विषय दोन. असे बारा विषय बारा मिनिटांत उरकतात. मग राष्ट्रगीत, मग डबा, मग जेवण. ज्याला काही विचारायचंय तो खुर्चीतून उठून चपला शोधेपर्यंत बँकेचं वर्ष मंजूर झालेलं असतं. पुढच्या रांगेतला तो पहिला आवाज चोवीस वर्षं आमच्या आप्पांचा.

चेअरमन अमरसिंह यांनी तो आवाज यार्डात ऐकला आणि उचलला. लोक म्हणायचे, आकाराम याचे पैसे घेतोय. एक रुपया नाही घेतला. सभेच्या आदल्या दिवशी चेअरमनची गाडी आमच्या गल्लीत यायची, ते स्वतः उतरायचे, ‘आकारामा, उद्या पुढं बसायचं बरं का’ म्हणायचे, आणि आप्पा त्या दिवशी दोनदा दाढी करायचे. आपल्यावाचून सभा चालत नाही असं त्यांना वाटायचं. खोटं नव्हतंच ते.

मी त्याच बँकेत परीक्षा देऊन क्लार्क झाले. वशिल्यानं नाही, तिसरा नंबर आला होता माझा. दोन वर्षांचं प्रोबेशन. ती दोन वर्षं त्या ऑक्टोबरात संपत होती. मग मला कायम करायचं की घरी घालवायचं, ते चेअरमनच्या सहीवर. आईनं तर कायमची ऑर्डर आल्यावर कुणाकुणाला पेढे द्यायचे त्यांची नावंसुद्धा ठरवली होती.

त्या वर्षी पेपरात आणि टीव्हीवर एकच चर्चा चालली होती. देशानं एकट्या बँकांवर वेगळा कर लावावा का? विलायतेत असा कर लावलाय, आणखी कुठं कुठं लावलाय, मग आपल्याकडं का नको, असं एक बाजू म्हणायची. दुसरी बाजू म्हणायची, बँका आधीच प्राप्तिकर भरतात, वर आणि एकट्या त्यांच्याच पाठीवर काठी का? आमच्या चेअरमननी तेवढ्यात सभेपुढं अकरावा विषय घातला. ‘केवळ बँकांवर वेगळा कर लावण्यास ही सभा एकमताने विरोध करीत आहे व तसे सरकारला कळवावे.’ एकमताने हा शब्द त्यांनी आधीच छापून घेतला होता, म्हणजे बघा.

सभेच्या पंधरा दिवस आधी माझ्या काउंटरला सुलतानबी आल्या. राजारामपुरीत साड्यांना फॉल-पिको करायचं त्यांचं छोटं दुकान आहे, आणि त्या आमच्या बँकेच्या सभासद. एका पतसंस्थेत त्यांनी बावीस वर्षांची शिलाई ठेवली होती आणि ती पतसंस्था बुडाली. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला काही नसतं, हे त्यांना पैसे गेल्यावर कळलं. त्यांनी एक कागद पुढं केला. अकराव्या विषयाला उपसूचना, म्हणजे ठरावात सुचवलेला बदल. कर लावावा, पण मोठ्या बँकांच्या नफ्यावर लावावा, तो कर्जदाराच्या व्याजात चढवू देऊ नये, लहान बँकांना सूट द्यावी, आणि जमलेला पैसा बुडालेल्या ठेवीदारांसाठी राखून ठेवावा. अक्षर वाकडं होतं, पण मुद्दा एकही वाकडा नव्हता. मी कागद वाचला, आवकचा शिक्का मारला आणि पोच दिली. शिक्का बसलेली उपसूचना सभेत वाचायला लागते, हा नियम आहे.

दुपारी चेअरमननी केबिनमध्ये बोलावलं.

“शिक्का कशाला मारलास गं?”

“आलेल्या कागदावर मारायचाच असतोय साहेब.”

“शिकलेली हाईस, पण शहाणी न्हाईस,” म्हणाले, आणि त्याच संध्याकाळी त्यांची गाडी गल्लीत आली. नेहमीपेक्षा दोन आठवडे आधी. आप्पांना त्यांनी समजावून सांगितलं. अकराव्या विषयाला आधी ती बाई उपसूचना वाचेल, तेव्हा ‘नामंजूर’ म्हणायचं. मग मॅनेजर मूळ ठराव वाचतील, तेव्हा नेहमीसारखं ‘मंजूर’. जाताना माझ्याकडं बघून म्हणाले, “पोरीची फाईल बी ह्याच महिन्यात बोर्डापुढं येतीया.” बास. एवढंच बोलले. त्याच्यावर आणखी काय बोलायला लागतं व्हय?

आप्पांनी तालीम सुरू केली. सकाळी अंघोळ करताना, ‘नामंजूऽर’. यार्डात जाताना स्कुटरवर, ‘नामंजूऽर’. पण ते काही जमेना. चोवीस वर्षांचं वळण जिभेला. ‘ना’ आत राहायचा आणि ‘मंजूर’ बाहेर पडायचा. आई हसून हसून कणीक सांडायची.

चौथ्या दिवशी चहा पिताना आप्पा म्हणाले, “क्रांती, ह्ये नक्की काय हाय गं? ज्याला नामंजूर म्हणायचं ते मला कळाय नको?”

मी कप खाली ठेवला. चोवीस वर्षांत या माणसानं असा प्रश्न कधी विचारला नव्हता. ताळेबंद मंजूर केले, लाभांश मंजूर केला, पोटनियम बदललेले मंजूर केले, पण काय मंजूर केलं ते कधी विचारलं नव्हतं. माझं बी.कॉम. पहिल्यांदा घरात कामाला आलं. मी सगळं सांगत सुटले. बँकेवर वेगळा कर का म्हणतात, कोण का नको म्हणतं, सगळं.

“थांब,” आप्पा म्हणाले. “यार्डाचा सेस गुळावर हाय तसा कांद्यावर बी हाय. एकट्या गुळावर लावला असता तर मी यार्ड बंद पाडलं असतं. मग बँकेवरच का?”

“कारण बँक बुडाली की एकटी बुडत नाही आप्पा.”

“आणि कर लावला की बँक तो माझ्याच स्कुटरच्या कर्जावर चढवणार.”

“चढवू नये असंच सुलतानबींनी लिहिलंय की.”

“लिवलंय, पर ऐकतंय कोण?”

असं आमचं जे सुरू झालं ते दहा दिवस संपलं नाही. आप्पा पेपर मोठ्यानं वाचायला लागले, म्हणजे अख्खी गल्लीच वाचायला लागली म्हणा. एक दिवस ते कराच्या विरोधात असायचे, दुसऱ्या दिवशी बाजूनं. शेजारचे सयाजीकाका मुद्दाम उलटी बाजू घ्यायचे, मग दोघं कठड्यावर बसून एकमेकांना बोटं दाखवत भांडायचे. आई म्हणाली, लग्नानंतर इतकं कधी बोलले नव्हते माझ्याशी. शुक्रवारी तर आप्पा चालत राजारामपुरीत सुलतानबींच्या दुकानात गेले आणि तासभर बसून आले. काय बोलले ते सांगितलं नाही. मी मात्र घाबरले. मी म्हणाले, “आप्पा, रविवारी नामंजूर म्हणायचंय हं. माझी फाईल हाय.”

“ठाव हाय मला,” म्हणाले. “तुझ्यापुढं माझा ईचार मोठा हाय व्हय?”

रविवार आला. हॉल खच्चून भरला होता. मी स्टेजच्या कडेला टेबलाशी, सभेचं इतिवृत्त लिहायला. म्हणजे सभेत जे जे झालं त्याची नोंद, तिच्यावर नंतर चेअरमनची सही होते. पहिले दहा विषय आठ मिनिटांत गेले. आप्पांचा आवाज खणखणीत. मग अकरावा. सुलतानबी माईकपाशी आल्या. त्यांनी उपसूचना वाचली आणि शेवटी म्हणाल्या, “माझे पैसे तर गेले. आता दुसरीचे जाऊ नयेत म्हणून वाचते.”

डबा घ्यायला मागं उभी असलेली माणसंसुद्धा पुढं सरकली. मॅनेजर घाईनं म्हणाले, “उपसूचना सभेपुढं आहे.” मी आप्पांकडं बघितलं. त्यांनी छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं.

“मंजूऽऽऽर!”

आणि अख्खा हॉल, हजार माणसं, चोवीस वर्षांच्या सवयीनं, “मंजूर, मंजूर, मंजूर!”

माझं पेन हातातून पडलं. स्टेजवर एका संचालकाचा फेटा कानावर आला. चेअरमन उठून उभे राहिले, लाल झाले होते. सुलतानबी तर तोंडावर पदर धरून तशाच उभ्या. मागून शिट्ट्या सुरू झाल्या. मला काय वाटत होतं ते सांगता येत नाही. नोकरी गेली, हे एका कानात, आणि दुसऱ्या कानात काय भारी झालं हे.

चेअरमननी हात वर करून हॉल शांत केला. मग गोड आवाजात म्हणाले, “सभासदहो, आकाराम चुकून बोलला. आकारामा, माईकवर ये आणि सांग चुकलं म्हणून.”

चोवीस वर्षांत आप्पांच्या हातात पहिल्यांदा माईक आला. त्यांनी तो तोंडापासून हातभर लांब धरला, तरी काचा हलल्या.

“खरं सांगतो. मंजूर सवयीनं गेला. चुकलाच तो. खोटं कशाला बोलू?”

हॉल हसला. चेअरमननी माईकसाठी हात पुढं केला. आप्पांनी माईक दिला नाही.

“पर आता बोलतोय ते ईचार करून. धा दिस झोप न्हाय मला. एकट्या बँकेवर कर का, असं मलाबी वाटत हुतं. पर आमच्या यार्डात एक अडत्या बुडाला तर त्येचं शटर पडतंय, बाकीचं यार्ड चालतंय. मोठी बँक बुडाय लागली तर सरकार धावतंय. सरकार म्हंजे कोण? आपलाच खिसा. ज्येला पडल्यावर आपुन सगळ्यांनी उचलायचं, त्येनं उभं असताना चार पैसे येगळं काढून ठेवलं तर काय बिघडलं? आता म्हणाल, बँक ती आमच्याच कर्जावर टाकंल. टाकंल की. म्हणून तर ह्या बाईनं लिवलंय, टाकू द्यायचं न्हाय. ल्हान बँकेला सूट द्या म्हणून बी लिवलंय. चेअरमनसाहेब, मग ह्यात आपल्या बँकेचं काय जातंय, सांगा बगू.”

चेअरमन घड्याळाकडं बघायला लागले.

“मघाचा मंजूर सोडा,” आप्पा म्हणाले. “आताचा धरा. मंजूर.”

हॉल उठला. माणसं खुर्च्यांवर चढली. कोण हात वर करतंय, कोण ‘मत घ्या, मत घ्या’ म्हणतंय. तेवढ्यात चेअरमननी एका श्वासात म्हटलं, “उपसूचना नामंजूर, मूळ ठराव व विषय बारा एकमताने मंजूर, राष्ट्रगीत.” आणि स्पीकरवर राष्ट्रगीत लावलं. आता करा काय करायचं ते. हजार माणसं जिथल्या तिथं ताठ उभी. आप्पा पण ताठ उभे, माईक हातात तसाच, आणि त्यांच्या आवाजात ते राष्ट्रगीत पार रस्त्यापर्यंत गेलं.

सोमवारी चेअरमननी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर माझी फाईल उघडी होती. रागावले नाहीत, चहा मागवला.

“वडिलांचं भाषण झकास झालं,” म्हणाले. “पर कागदावर कशाला? अकरा नंबरला लिव, मूळ ठराव एकमताने मंजूर. दिल्लीत कोण वाचतंय गं आपला ठराव? आणि ही फाईल गुरुवारी बोर्डापुढं जातीया. कायम झालीस की जन्माचं कल्याण.”

मी बाहेर आले तर ग्राहकांच्या बाकावर आप्पा बसलेले. सभेचाच शर्ट अंगात. चेअरमनची माफी मागायला आले होते, आणि केबिनच्या उघड्या दारातून सगळं ऐकलं होतं.

“साहेब म्हणतात तसं लिव,” मला म्हणाले. हळू बोलायचा प्रयत्न करत होते बिचारे. “माझं काय, बोलून झालं. आता ते ऱ्हायलं काय आणि पुसलं काय. तुझी नोकरी जाया नको.”

माझं डोकंच फिरलं. मी ओरडले, भर बँकेत. “चोवीस वर्षांत एकदा बोललासा, आणि ते पुसायचं काम मलाच सांगताय व्हय?” कॅशियरच्या हातातल्या नोटा थांबल्या. शिपाई चहाचा ट्रे घेऊन तसाच उभा राहिला. माझ्या गळ्यात आप्पांचाच आवाज आहे, हे सत्तावीस वर्षांनी त्या दिवशी कळलं.

दुपारी बसून मी इतिवृत्त कच्चं लिहिलं. सभासद क्रमांकासकट आप्पांचं नाव, त्यांचं पूर्ण म्हणणं, हात वर करून मत मागणारे सभासद, मत न घेता राष्ट्रगीत लावलं ते, सगळं. संध्याकाळी घरी चहा घेताना आप्पांना वाचून दाखवलं. ते उभं राहूनच ऐकत होते.

“झालं?” म्हणाले. “पयला मंजूर सवयीनं गेला म्हणालो हुतो, ते कुठं हाय?”

“गाळलं मी.”

“का?”

“चेअरमन बरोबर त्याच्यावर बोट ठेवतील. चुकून मंजूर म्हटलं, म्हणून सगळंच रद्द, असं म्हणतील.”

“ठेवू देत की बोट. लिवायचं तर बोललोय तसं लिव, न्हाय तर साहेब म्हणतात तसं लिव. मधलंच काय काढू नगंस. वर चांगला गूळ आणि खाली काळा, असला माल मी कधी पुकारला न्हाय.”

मला रडू येत होतं आणि रागही. ते वाक्य मी घातलं. दुसऱ्या दिवशी ते इतिवृत्ताच्या वहीत उतरवलं. चेअरमननी ते वाचून बरोबर त्याच वाक्याखाली रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, ‘सभासदाने चूक स्वतः मान्य केल्याने उपसूचना विचारात घेतली नाही.’ खाली सही. ठराव दिल्लीला गेला, एकमताने. पण बाकीचं सगळं त्या वहीत तसंच राहिलं, कारण वहीच्या पानांना छापील नंबर असतात आणि पान फाडता येत नाही.

पुढच्या आठवड्यात मला पत्र आलं. प्रोबेशन एक वर्ष वाढवलं, नेमणूक गगनबावडा शाखा. कायद्यानं काही चुकीचं नव्हतं, आमच्या सेवक नियमात तीन वर्षांपर्यंत प्रोबेशन वाढवता येतं. आमच्या बँकेत कुणाला धडा शिकवायचा असला की गगनबावड्याला टाकतात. तिथं पावसाळ्यात चेकबुकांना बुरशी येते आणि ग्राहक आला तर तो आधी छत्री कुठं ठेवू विचारतो. आई आठ दिवस माझ्याशी बोलली नाही, आप्पांशी तर महिनाभर. आप्पा मला सोडायला एस.टी. स्टँडवर आले होते. बॅग मला उचलू दिली नाही, आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीला धरून उभे होते.

वर्ष गेलं. बँकांवरच्या कराचं पुढं काय झालं म्हणाल तर पेपरात दोन्ही बाजू अजून भांडतायत. आमच्या ठरावाला दिल्लीहून उत्तर नाही. सप्टेंबरात परत सभा आली, सगळ्या शाखांच्या लोकांना यायला लागतं म्हणून मीही आले. आप्पांना पुढं कुणी बोलावलं नव्हतं. ते सातव्या रांगेत, शेजारी सुलतानबी. पुढच्या रांगेत चेअरमननी राजवीर नावाचा एक दांडगा गडी आणून बसवला होता. आवाज होता त्याला, पण कुठं थांबायचं ते कळत नव्हतं. मॅनेजर ‘सर्वांचं स्वागत’ म्हणाले तरी हा ‘मंजूर’.

विषय क्रमांक नऊ मॅनेजरनी नाकात वाचला. सेवक नियमात दुरुस्ती. प्रोबेशन यापुढं संचालक मंडळाला योग्य वाटेल तितकं वाढवता येईल. माझं तिसरं वर्ष पंधरा दिवसांनी संपत होतं. हा विषय कुणासाठी आहे ते स्टेजवर सगळ्यांना माहीत होतं. मी नोकर, सभेत मला बोलता येत नाही. राजवीरनं छाती फुगवली, “मंजूर!”

हॉल त्याच्यामागं जाणार, तेवढ्यात सातव्या रांगेतून, माईक नाही काही नाही, आवाज आला.

“परत वाचा.”

सगळा हॉल मागं वळला. आणि मग चारी बाजूंनी, “परत वाचा, परत वाचा.” मॅनेजरनी चेअरमनकडं बघितलं, चेअरमननी छताकडं. मॅनेजरनी परत वाचलं. “सावकाश,” आप्पा म्हणाले. त्यांनी सावकाश वाचलं. ‘योग्य वाटेल तितकं म्हणजे किती’ असं कुणीतरी विचारलं. ‘कोण कोण हाय प्रोबेशनवर, नावं सांगा’ असं दुसरं कुणी. सुलतानबी उठल्या, “म्हंजे पोरगी म्हातारी होईस्तवर तिची परीक्षाच घेणार व्हय तुम्ही?” बारा मिनिटांची सभा अडीच तास चालली. जेवण गार झालं तरी कोण उठलं नाही. शेवटी चेअरमननी विषय नऊ मागं घेतला. जुना नियम राहिला, आणि भर सभेत एवढी चर्चा झाल्यावर मला घरी घालवायची हिंमत कुणी केली नाही. ऑक्टोबरात तिसरं वर्ष संपलं आणि पहिल्याच टपालात माझी कायमची ऑर्डर आली. गगनबावड्यालाच, पण कायम.

सभेनंतर डब्याच्या रांगेत मी आप्पांना गाठलं.

“आप्पा, तुम्हाला कसं कळलं तो विषय माझा हाय ते?”

ते माझ्याकडं बघतच राहिले. “तुझा हुता व्हय? मला कुठं कळलं गं? त्यो काय वाचतोय त्येच कळंना, म्हणून म्हणालो परत वाचा. आता न कळता त्वांड उघडायचं न्हाय, एवढंच ठरवलंय मी.”

मी तिथंच, हजार माणसांत, त्यांचा हात धरून रडले. आप्पा गोंधळून गेले आणि त्या आवाजात आईला हाका मारायला लागले.